घरच्या पिनबॉलसाठी कंट्रोल बोर्ड निवडताना

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमाराला नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात जळक्या वार्निशचा वास पसरला. आतल्या खोलीतून आई ओरडली, "अरे, काय जाळलंस?" जाळली होती मी घरी बनवत असलेल्या पिनबॉल मशीनच्या डाव्या फ्लिपरची कॉइल, म्हणजे फ्लिपरला झटका देणारं तारेचं वेटोळं. मीच लिहिलेल्या प्रोग्राममध्ये गुण मोजणारा लूप अडकला, आणि अडकला तो नेमका कॉइल चालू असताना. बटण सोडलं तरी फ्लिपर वरच. मी शहाणा स्क्रीनकडे बघत चूक शोधत बसलो. मेन स्वीचकडे हात जाईपर्यंत कॉइलवरचा कागद तपकिरी झाला होता आणि आतली प्लास्टिकची नळी वितळून लोखंडी प्लंजरला चिकटली होती.

पिनबॉल कुणी प्रत्यक्ष पाहिलं नसेल तर जत्रेतली ती खिळे ठोकलेली फळी आठवा. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडायचा, छर्रा खिळ्यांवर आपटत कुठल्या तरी कप्प्यात पडायचा. तीच फळी मोठी करा, साधारण साडेसहा अंशांनी कलती ठेवा, छर्‍याऐवजी २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा पोलादी बॉल घ्या आणि खाली बॉल परतवायला बटणाने उडणार्‍या दोन पट्ट्या, म्हणजे फ्लिपर, बसवा. हे फ्लिपर पहिल्यांदा आले १९४७ साली, गॉटलीब कंपनीच्या मशीनमध्ये. तोपर्यंत हा बराचसा नशिबाचा खेळ होता. फ्लिपर आले तेव्हापासून हाताला काम मिळालं. आपली सगळी डोकेदुखीही तिथूनच सुरू होते.

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो, "बोर्ड कुठला घेऊ?" खरं तर हा चौथा प्रश्न आहे. आधीचे तीन सुटले की त्याचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं.

पायरी १ : कागदावर मोजणी

प्लेफिल्डचं, म्हणजे बॉल फिरतो त्या फळीचं, चित्र काढा. पुठ्ठ्यावर खर्‍या मापाचं काढलंत तर उत्तम. मग दोन रकाने करा. एकात झटका देणार्‍या वस्तू, म्हणजे कॉइल. दुसर्‍यात खबर देणार्‍या, म्हणजे स्वीच.

माझ्या मशीनचा हिशेब सांगतो. फ्लिपर २, फ्लिपरच्या वरचे तिकोनी स्लिंगशॉट २, बॉलला उडवून लावणारे बंपर ३, बॉल बाहेर काढणारी १, पडलेली टार्गेटं उभी करणारी १, खड्ड्यातून बॉल उडवणारी १. एकूण १० कॉइल. बॉल खेळात सोडायला मी हाताने ओढायचा स्प्रिंगचा दांडाच ठेवला, त्यामुळे एक कॉइल वाचली. पहिल्या मशीनला हेच करा.

स्वीच मात्र वाढत जातात. फ्लिपरची बटणं २, फ्लिपर पूर्ण वर गेल्याची खबर देणारे २, स्लिंगशॉट २, बंपर ३, बॉल साठवायच्या नाळीत ४, स्प्रिंगच्या दांड्यापुढे १, दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत मिळून ४, वरच्या गल्ल्यांत ३, पडणारी टार्गेटं ३, उभी टार्गेटं ४, खड्डा १, स्टार्ट १, टिल्ट (मशीन हलवल्याची खबर देणारा) १, पुढचं दार १. बेरीज ३२. मी आधी मनातल्या मनात "वीसेक असतील" म्हणत होतो!

दिवे यात धरू नका. डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या एलईडी एकाच डेटा वायरवर माळेसारख्या लागतात. त्यांचा प्रश्न पिनांचा नसतो, पॉवरचा असतो. पूर्ण पांढरा उजेड असेल तर एक एलईडी साधारण ६० मिलिअँपियर खाते. पन्नास लावल्या तर ५ व्होल्टवर ३ अँपियर वेगळे काढून ठेवा.

पायरी २ : कॉइलची भूक

इथे जरा थांबू, कारण बहुतेकांची चूक इथेच होते.

मल्टिमीटर ओहमवर लावा आणि फ्लिपरची कॉइल मोजा. फ्लिपरच्या कॉइलमध्ये बर्‍याचदा दोन वाइंडिंग असतात. एक जाड तारेचं, साधारण ४ ओहम. बॉलला टोला हाणायला. दुसरं बारीक तारेचं, शंभर-दीडशे ओहम. बटण दाबून ठेवलं तर फ्लिपर नुसता वर धरून ठेवायला. आता ४८ व्होल्टला ४ ने भागा : १२ अँपियर. १२ गुणिले ४८ म्हणजे ५७६ वॅट. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीच्या निम्म्याहून जास्त ताकद मुठीएवढ्या कॉइलमध्ये. २५-३० मिलिसेकंदांसाठी हे ठीक आहे, कॉइलला कळतही नाही. दोन-चार सेकंद राहिलं की आमच्या घरातला वास.

या हिशेबातून बर्‍याच गोष्टी पहिल्या झटक्यात बाद होतात. बाजारात स्वस्तात मिळणारा निळ्या रिलेचा मोड्यूल बाद. त्याचा संपर्क जुळायलाच दहाएक मिलिसेकंद जातात आणि डीसीवर १२ अँपियर तोडताना ठिणगी पडून पॉइंट चिकटतात. चिकटलेला पॉइंट म्हणजे कायमची चालू कॉइल.

पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर, तोही बाद. हे नाशकात मुद्दाम सांगावं लागतं. माझे मामा अंबडमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, तीस वर्षं पॅनेल केली त्यांनी. मशीन बघायला आले आणि पहिलंच वाक्य, "अरे, पीएलसी लाव की! जुना आहे माझ्याकडे, घेऊन जा."

"मामा, बारा अँपियर लागतात."

"मग काय झालं? मध्ये कॉन्टॅक्टर टाक."

"आणि पंचवीस मिलिसेकंदांत बंद करायचं."

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग नाही जमायचं." पीएलसीच्या ट्रान्झिस्टर आउटपुटमधून साधारण अर्धा अँपियर मिळतो, आणि इनपुटला खोटे सिग्नल गाळण्यासाठी मुद्दाम उशीर ठेवलेला असतो. कन्व्हेयरला ते हवंच असतं. पिनबॉलचा बॉल तेवढा थांबत नाही. तो सेकंदाला ३ मीटरने गेला तर २७ मिलिमीटरची स्वतःची जागा ९ मिलिसेकंदांत ओलांडतो. तेवढ्यात स्वीच वाचला नाही तर बॉल गेला, गुण गेले आणि खेळणारा मशीनला शिव्या देणार.

पायरी ३ : बंद कोण करणार?

कॉइल चालू कोण करतं, हे सगळे विचारतात. तुम्ही विचारायचं ते हे : प्रोग्राम अडकला, यूएसबीची वायर निघाली, कॉम्प्युटर मध्येच रीस्टार्ट झाला, तर चालू असलेली कॉइल बंद कोण करणार?

चांगल्या पिनबॉल बोर्डात याचं उत्तर बोर्डातच असतं. कॉम्प्युटर खेळाच्या सुरुवातीला बोर्डाला एक नियम सांगून ठेवतो : अमुक स्वीच लागला की तमुक कॉइल इतके मिलिसेकंद मार, मग धरून ठेवायच्या हलक्या ताकदीवर आण, आणि स्वीच सुटला की सोड. त्यानंतर बटण ते फ्लिपर हा प्रवास बोर्डातल्या बोर्डातच होतो. कॉम्प्युटर फक्त गुण, आवाज आणि दिवे सांभाळतो. त्यामुळे फ्लिपर झटकन उठतो. कॉम्प्युटर झोपला तरी बटण सोडताच कॉइल सुटते, आणि बोर्डाशी त्याचं बोलणं तुटलं की चांगला बोर्ड सगळ्या कॉइल स्वतःहून बंद करतो. बंपर आणि स्लिंगशॉट यांनाही हाच नियम लावायचा, फक्त धरून ठेवणं नाही.

विकत घेण्याआधी हे तपासा. माहितीपत्रकात याचा पत्ता नसेल तर तो बोर्ड रोबोट किंवा थ्रीडी प्रिंटरसाठी कितीही चांगला असो, आपल्या कामाचा नाही.

बोर्डावर कितीही भरवसा असला तरी दोन गोष्टी बाहेरून लावाच. प्रत्येक फ्लिपरला वेगळा ३ अँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज. क्षणाचा झटका तो सोसतो, पण १२ अँपियर सतत वाहिले तर उडतो. आणि पुढचं दार उघडलं की ४८ व्होल्टची लाइन तुटेल असा स्वीच. फ्यूज नंतर लावू म्हणणार्‍याचं काय होतं ते वर वाचलंतच.

पायरी ४ : आता बोर्ड

पहिला रस्ता, स्वतः जोडायचा. अर्डुइनो मेगा या प्रोग्राम करता येणार्‍या छोट्या बोर्डावर ५४ डिजिटल पिना आहेत. त्यातल्या दोन यूएसबीच्या गप्पांसाठी सोडा, उरल्या ५२. माझे ३२ स्वीच आणि १० कॉइल, त्यात दोन्ही फ्लिपरची दोन्ही वाइंडिंग वेगळी चालवली तर १२, म्हणजे ४४ पिना. बसतं. प्रत्येक कॉइलला एक मॉस्फेट लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वीच; तो चालू-बंद करणारं त्याचं टोक म्हणजे गेट. आयआरएल५४०एन घ्या : १०० व्होल्टचा आहे आणि ५ व्होल्टच्या गेटवर नीट चालू होतो. दुकानदार "सेमच आहे" म्हणत आयआरएफझेड४४एन देईल, घेऊ नका. तो ५५ व्होल्टचा आहे, ४८ व्होल्टच्या कॉइलपुढे त्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. आयआरएफ५४०एनही नको. नावात एका अक्षराचा फरक आहे, पण त्याच्या गेटला १० व्होल्ट लागतात. ५ वर तो अर्धवट उघडतो आणि तापतो.

गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर हवाच. मेगा चालू होतानाच्या क्षणी पिना मोकळ्या असतात आणि मोकळा गेट वार्‍यावर चालतो. कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७ चालेल, पट्टीचं टोक प्लसकडे. तो नसेल तर कॉइल बंद होताना उलटा झटका मॉस्फेटला मारतो. आणि प्रोग्रामात डिले, म्हणजे नुसती वाट बघत थांबायची आज्ञा, वापरायची नाही. कुठेही नाही. घड्याळ बघून काम करायचं, आणि प्रोग्राम अडकला की चावणारा वॉचडॉग टायमर पहिल्या दिवसापासून चालू ठेवायचा. वॉचडॉग चावला की मेगा रीसेट होतो, पिना मोकळ्या पडतात, तो १० किलोओहम गेट खाली ओढतो आणि कॉइल सुटते. माझ्या त्या रात्री वॉचडॉगच्या ओळीपुढे मी दोन तिरक्या रेघा मारून ती ओळ बंद ठेवली होती, "नंतर बघू" म्हणून.

मेगाऐवजी घेता येणारा ईएसपी३२ बोर्ड स्वस्त आणि वेगवान आहे, पण त्याची पिन ३.३ व्होल्टची. तिने मॉस्फेट थेट चालवू नका, मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एचसीटी२४५ चिप टाका. शिवाय त्याच्या काही पिना चालू होताना स्वतःच हलतात. कॉइलसाठी त्या नकोत.

दुसरा रस्ता ओपन पिनबॉल प्रोजेक्टचा. आराखडे खुले आहेत. एक छोटा प्रोसेसर बोर्ड, त्याला चार 'पंख', म्हणजे जोडायचे छोटे बोर्ड, बसतात. सोलेनॉइडच्या, म्हणजे कॉइलच्या, पंखावर ४ कॉइल आणि ४ स्वीच, इनपुटच्या पंखावर ८ स्वीच. माझ्या मशीनसाठी सोलेनॉइडचे तीन पंख घेतले तर १२ कॉइल आणि १२ स्वीच झाले. उरलेल्या २० स्वीचना इनपुटचे तीन. एकूण सहा पंख, म्हणजे दोन प्रोसेसर बोर्ड. सोल्डरिंगला हात बसलेला असेल आणि घाई नसेल तर पैसा आणि भरवसा यांचा हा चांगला मेळ आहे. कॉलेजची मुलं मिळून मशीन करत असतील तर मी हाच सांगेन.

तिसरा रस्ता तयार बोर्डांचा. मल्टिमॉर्फिकच्या पी३-रॉक या मुख्य बोर्डाला स्वीचसाठी एसडब्ल्यू-१६ आणि कॉइलसाठी पीडी-१६ असे बोर्ड जोडतात, नावातच प्रत्येकी सोळा. मला दोन एसडब्ल्यू आणि एक पीडी पुरला असता. फास्ट पिनबॉलच्या न्यूरॉन या मुख्य बोर्डाला इनपुट-आउटपुट बोर्ड माळेसारखे जोडतात : ३२०८ वर ३२ स्वीच आणि ८ कॉइल, ०८०४ वर ८ आणि ४. हे दोन मिळून बरोबर १२ कॉइल होतात. पण बरोबर भरणं म्हणजेच कमी पडणं. तीन महिन्यांनी तुम्हाला एक चुंबक लावावासा वाटणार, हे मी आत्ताच सांगतो. कॉइलच्या चार जागा तरी रिकाम्या राहतील असंच घ्या.

हे बोर्ड परदेशातून येतात. डॉलरमधल्या किमतीवर कुरिअर, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी धरूनच हिशेब करा. एक बोर्ड आज आणि दुसरा पुढच्या महिन्यात असं मागवलं तर कुरिअरचं भाडं दोनदा पडतं.

माझं मत विचाराल तर पहिल्याच मशीनला तिसरा रस्ता घेऊ नका. मेगावर दोन फ्लिपर आणि एक बंपर एवढंच एका फळीवर जोडा, महिनाभर त्याच्याशी भांडा. मग तयार बोर्ड का महाग आहे ते समजतं, आणि तो तुम्हाला खरंच हवा आहे का तेही.

पायरी ५ : डोकं

दुसर्‍या किंवा तिसर्‍या रस्त्याने गेलात तर मिशन पिनबॉल फ्रेमवर्क वापरा. फुकट आहे, पायथनमध्ये आहे, आणि खेळाचे बरेचसे नियम साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिता येतात. कपाटावरचा जुना लॅपटॉप चालतो. यात हार्डवेअरशिवाय, नुसत्या कीबोर्डवरही खेळ चालवून बघता येतो. म्हणून बोर्डाची ऑर्डर देण्याआधी हे करा. दोन संध्याकाळींत कंटाळा आला तर पैसे वाचले.

पायरी ६ : पॉवर

कॉइलला ४८ व्होल्टचा वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), बोर्डाला आणि दिव्यांना ५ आणि १२ चा वेगळा. दोघांचे ग्राउंड एकाच ठिकाणी जोडायचे, पण कॉइलचा परतीचा करंट मेगाच्या ग्राउंडमधून फिरवायचा नाही. कॉइलकडून येणारी जाड वायर थेट एसएमपीएसपर्यंत न्या. तसं न केल्यास बंपर वाजला की मेगा रीसेट होतो, आणि माणूस आठवडाभर प्रोग्राममध्ये चूक शोधतो. एसएमपीएसची बॉडी अर्थिंगला जोडा.

एकदम झटका घेतला की एसएमपीएस दचकून बंद पडतो, म्हणून ४८ च्या लाइनवर मोठा कपॅसिटर लावतात. मी १०,००० मायक्रोफॅरॅडचा, ८० व्होल्टचा लावला. मशीन बंद केल्यावरही तो भरलेलाच राहतो. स्क्रूड्रायव्हर टेकला की ठिणगी उडते आणि टोक वितळतं. त्याच्यावर २.२ किलोओहमचा, ३ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून ठेवा. दोनेक मिनिटांत रिकामा होतो.

काही जण म्हणतात, ४८ ची भीती वाटते, २४ वर करू. करा, पण तीच कॉइल २४ वर लावली तर ताकद चौथा हिस्सा राहते. ताकद तेवढीच हवी तर रेझिस्टन्स एक चतुर्थांश हवा, आणि करंट दुप्पट. म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळायची, वायर आणि फ्यूज त्या मापाचे घ्यायचे. मी माझी जळकी कॉइल मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे नेली होती, ४८ वरच. त्याने कातरून तारेचं गेज मोजलं, वेढे मोजले आणि विचारलं, "कुठल्या पंपाची आहे?" खेळाची आहे म्हटल्यावर हसला, पण कॉइल अशी सुबक भरून दिली की मूळ कॉइल तिच्यापुढे गबाळी वाटावी.

पायरी ७ : सामान आणि वायरिंग

मॉस्फेट, डायोड, कनेक्टर यासाठी सकाळची पंचवटी पकडा, दादरला उतरून ग्रँट रोडला जा, लॅमिंग्टन रोडवर खरेदी करा आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत या. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. मॉस्फेट गरजेपेक्षा निम्मे जास्त आणा, शिकताना उडतातच.

वायरिंगचं सामान मात्र आपल्याकडेच बघा. सातपूर-अंबडच्या पॅनेलवाल्यांना लागणारे लग, आकड्यांच्या फेरुल, वायर टाकायचे खाचांचे डक्ट इथे सहज मिळतात, आणि पिनबॉलच्या पोटाला अगदी तेच लागतं. मामांनी माझं पहिलं वायरिंग बघितलं आणि काही न बोलता सगळं उपटलं. मग प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना तोच आकडा घातला. कॉइलच्या जाड वायरी एका डक्टमध्ये, स्वीचच्या बारीक दुसर्‍यात, आणि जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात. तेव्हापासून बंपर वाजल्यावर खोटे गुण लागायचे थांबले.

पायरी ८ : पहिला दिवस, कॉइलशिवाय

आग्रा रोडवर ट्रकच्या इलेक्ट्रिक सामानाचं दुकान गाठा आणि २४ व्होल्टचे २१ वॅटचे दोन बल्ब आणा. दोन्ही सिरीजमध्ये जोडले की ४८ व्होल्टचा दिवा झाला, आणि तो एक अँपियरपेक्षा कमीच ओढतो. कॉइलच्या जागी ही जोडी लावा. बटण दाबा : फ्लिपर धरून ठेवताना बल्ब पेटतात, सोडल्यावर बंद. वायरिंगची चूक असेल तर इथे दिसते आणि काही जळत नाही.

आता बटण दाबून ठेवा, बल्ब पेटलेले असताना कॉम्प्युटरची यूएसबी उपटा आणि बटण सोडा. मग पुन्हा पेटवा आणि बटण दाबलेलंच ठेवून प्रोग्राममध्ये मुद्दाम न संपणारा लूप टाकून बघा. मेगा असेल तर मेगाच्या प्रोग्रामात टाका. प्रत्येक कॉइलच्या जागी हे करा, दहाच्या दहा. एकाही वेळी बल्ब पेटलेले राहिले तर त्या जागी कॉइल लावायची नाही. बल्ब तसेच ठेवून पायरी ३ वर परत या.